एक रात्र सोबत राहा

(आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, १ डिसेंबर २०२४ रोजी, उपासनेनंतर मंडळीचे सभासद व मिशनचे मदतनीस यांच्यासमोर केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी पाड्यांवरच्या कामाचा अहवाल वाचते. बालवाडी किती, शिवणवर्ग किती, आश्रमशाळेत किती मुले गेली. तो अहवाल छापून तुमच्या हातात दिला आहे, घरी गेल्यावर जरूर वाचा. आज मी तुमच्यापुढे एक साक्ष ठेवणार आहे. ती माझ्या चुकीची आहे. ज्या मुलाची ही गोष्ट आहे त्याने मला सांगितले, "ताई, माझं नाव नको घेऊ, पण सांग. दुसऱ्या कोणाचं तरी पोर वाचेल." म्हणून बोलते आहे.

तुम्हाला माहीत आहे, आपले काम पालघर जिल्ह्यातल्या डोंगरी भागात चालते. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर अशा आपल्या बांधवांची ही वस्ती. भातकापणी झाली की पाड्यावर काम उरत नाही. पूर्वी लोक वीटभट्टीवर नाहीतर गवत कापायला जात. आजही जातात. पण शिकलेली, दहावी-बारावी झालेली पोरे आता कंपनीत जातात. बोईसर-तारापूरपासून वाड्यापर्यंत रसायनांचे, औषधांचे, रंगांचे, लोखंडाचे कारखाने आहेत. कंपनीत काम मिळाले म्हटले की घरात आनंद होतो. आम्हालाही होतो. ज्या पोराला मी बालवाडीत अक्षरे शिकवली, तो गळ्यात गेटपास घालून आला की मला वाटायचे, आपल्या कामाचे फळ दिसले.

हा मुलगाही असाच. तेव्हा चोवीस वर्षांचा, लग्न झालेला, एक लहान मुलगी. ठेकेदाराकडून एका रसायनाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला होता. कारखान्याचे नाव मी सांगणार नाही. प्रकरण चालू आहे, आणि मी कोणावर दगड मारायला उभी नाही.

मागच्या वर्षीचा मे महिना. दुपारी दोनच्या सुमारास नायट्रिक अ‍ॅसिडचा एक कॅन हलवताना फुटला. अ‍ॅसिड लादीवरून लोखंडी जाळीवर गेले आणि तपकिरी-लाल धूर उठला. मुकादम ओरडला, "भुसा टाका!" याने आणि याच्या जोडीदाराने तोंडाला रुमाल बांधले आणि लाकडाचा भुसा ओतला. त्याने धूर आणखी वाढला. नायट्रिक अ‍ॅसिडवर भुसा टाकायचा नसतो, त्याने तोच विषारी वायू अधिक सुटतो, हे मला फार नंतर कळले. त्या दोघांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. वीसेक मिनिटे ते त्या धुरात होते.

बाहेर आल्यावर थोडा खोकला आला, डोळ्यांतून पाणी आले. अर्ध्या तासात सगळे थांबले. त्यांना गूळ दिला, कपभर दूध दिले आणि घरी जायला सांगितले. हा बसने निघाला, फाट्यावर उतरला आणि तिथून तासभर चढ चढून पाड्यावर आला.

त्या संध्याकाळी मी त्याच पाड्यावर महिलांच्या बैठकीला होते. तो हसत हसत म्हणाला, "ताई, आज गॅस लागला कंपनीत. पण आता काय नाय, छाती जराशी जड वाटते." मी त्याच्या आईला हळद घालून पाणी गरम करायला सांगितले. आम्ही चार-पाच जणींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मग मी माझी पिशवी उचलली आणि साडेसातला निघाले. घरी जाताना मनात समाधान होते, की देवाने आज मला वेळेवर तिथे नेले.

रात्री एकच्या सुमारास तो उठून बसला. झोपले की गुदमरत होते. पाड्यावर फोनला रेंज नसते. त्याचा भाऊ टेकडीवर चढून गेला तेव्हा त्याचा फोन लागला. मी पहाटे उचलला, तर आई बोलत होती, "ताय, पोराला दम भरलाय, बोलतच नाय." जीप मिळवून आम्ही त्याला फाट्यावर आणले तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि तोंडातून गुलाबी फेस येत होता. ग्रामीण रुग्णालयातून मोठ्या दवाखान्यात, तिथे व्हेंटिलेटर. नऊ दिवस.

आता जरा थांबून मला तुम्हाला समजावून सांगायचे आहे, की हसत बोलणाऱ्या पोराला सहा तासांनी असे का झाले. मला डॉक्टरांनी समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते.

आपल्या फुप्फुसांत श्वासाची नळी फुटत फुटत शेवटी अगदी बारीक फुगे होतात. असे तीस कोटींहून अधिक फुगे आहेत. त्यांची भिंत इतकी पातळ, की एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त, मध्ये जवळजवळ काही नाही. सगळ्या भिंती पसरल्या तर सत्तर चौरस मीटरच्या आसपास जागा भरेल. एवढे मोठे अंगण देवाने आपल्या छातीत घडी करून ठेवले आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो, की मातीचा माणूस देवाच्या श्वासाने जिवंत झाला. धर्मशिक्षणाच्या पदविकेला असताना त्या वचनावर मी निबंध लिहिला होता. पण श्वास किती पातळ पडद्यावर टेकलेला आहे, हे मी त्या अतिदक्षता विभागाच्या दाराशी शिकले.

सगळे विषारी वायू सारखे नसतात. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. किनाऱ्यावरच्या बर्फ कारखान्यांत तो वापरतात. तो नाका-डोळ्यांच्या ओलाव्यात शिरताच आग होते आणि माणूस पळतो. पळाल्यामुळे पुष्कळदा वाचतो. क्लोरीन मधला आहे, घशालाही झोंबतो आणि खोलही जातो. पण नायट्रिक अ‍ॅसिडचा तो तपकिरी वायू, नायट्रोजन डायऑक्साइड, पाण्यात कमी विरघळतो. म्हणून नाकाला, घशाला तो फारसा जाळत नाही. माणूस उभा राहून काम करत राहतो आणि वायू थेट शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतो. तिथे तो हळूहळू भिंत जाळतो. काही तास काहीच वाटत नाही. मग जशी खाचराच्या बांधाला भेग पडली की पाणी पाझरते, तसे रक्तातले पाणी फुग्यांत पाझरू लागते. हे तीन-चार तासांनी होऊ शकते, एका दिवसानेही होऊ शकते. माणूस कोरड्या जमिनीवर, स्वतःच्या अंथरुणात बुडतो.

यावर उतारा नाही. ऑक्सिजन द्यायचा, पडून राहू द्यायचे, लक्ष ठेवायचे, गरज पडली तर डॉक्टर स्टेरॉइड देतात, यंत्रावर ठेवतात. पण हे सगळे वेळेत करायला माणूस दवाखान्यात असावा लागतो. गूळ पोटात जातो, वायू छातीत गेलेला असतो. दूधही तसेच. ते देणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे मी म्हणत नाही. पण गूळ खाऊन उपचार झाला असे वाटते आणि माणूस घरी जातो, हा त्यातला धोका. माझ्या हळदीच्या पाण्यानेही तेच केले. शिवाय अशा माणसाने श्रम करायचे नसतात, आणि हा तासभर डोंगर चढून आला होता.

आता त्याच्या जोडीदाराचे सांगते. तोच कॅन, तोच धूर, तीच वीस मिनिटे. तो भाड्याच्या खोलीवर राहायचा. तिथला शेजारी एका कंपनीत जुना ऑपरेटर होता. त्याने विचारले, "धुराचा रंग कोणता होता?" तपकिरी म्हणताच त्याने याला रिक्षात घातले आणि दवाखान्यात नेले. जाताना कॅनवरचे लेबल कोणते होते तेही चिठ्ठीवर लिहून घेतले. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले. मध्यरात्री त्यालाही दम लागला, पण ऑक्सिजन शेजारीच होता. पाचव्या दिवशी तो घरी आला. आज तो काम करतो.

दोघांनी धूर सारखाच घेतला की कमीजास्त, हे कोणी मोजले नाही. डॉक्टर म्हणाले, ताई, असा सरळ हिशोब मांडू नका. मी मांडत नाही. पण एकाजवळ त्या रात्री विचारणारा माणूस होता आणि दुसऱ्याजवळ मी होते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आपला मुलगा बचावला. मंडळीने प्रार्थना केली, देवाने ऐकले, आम्ही उपकारस्तुती केली. पण गोष्ट तिथे संपली नाही. घरी आल्यावर तीनेक आठवड्यांनी पुन्हा खोकला, पुन्हा दम. गावात लोक म्हणाले टीबी. तालुक्याला थुंकी तपासली, टीबी नव्हता. मुंबईला नेले, फुप्फुसांची ताकद मोजली, सीटी स्कॅन केला. वायूने जळलेल्या बारीक नळ्या भरताना आत व्रण धरून आवळल्या होत्या. या वायूचा हा दुसरा वार असतो, दोन ते सहा आठवड्यांनी येणारा. पहिल्या दवाखान्यातून सोडताना हे कोणी आम्हाला सांगितले नव्हते, आणि केस पेपरवर 'न्यूमोनिया' एवढेच लिहिले होते. कारण आम्ही कोणी रसायनाचे नाव सांगितलेच नव्हते. आम्हाला माहीतच नव्हते.

आज तो पंचवीस वर्षांचा आहे. विहिरीपर्यंत गेला तर दोनदा बसतो. पंप ओढतो आणि शेळ्यांवर लक्ष ठेवतो. त्याची बायको गवत कापायला जाते. मुलगी आमच्या बालवाडीत आहे. रविवारी उपासनेत तो गीत गाताना फक्त ओठ हलवतो, कारण एक ओळ गायला त्याचा श्वास पुरत नाही. पूर्वी ढोलकी घेऊन तोच सगळ्यांत पुढे असायचा.

बंधुभगिनींनो, उद्या २ डिसेंबर. १९८४ साली याच रात्री, २ आणि ३ डिसेंबरच्या मध्ये, भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. सुमारे चाळीस टन. चाळीस वर्षे झाली. तो वायू हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरला आणि कारखान्याशेजारच्या गरिबांच्या वस्त्यांत शिरला. हजारो माणसे काही दिवसांतच गेली, त्यांतली बहुतेक फुप्फुसांत पाणी भरून. पाच लाखांहून अधिक लोकांना बाधा झाली आणि कित्येकांची छाती आजही तशीच आहे. जे जीव तोडून धावले त्यांनी जास्त श्वास घेतला आणि जास्त वायू घेतला. ओले फडके तोंडावर धरा एवढे कोणी सांगितले असते तरी काही जीव वाचले असते. आणि दवाखान्यांत डॉक्टर विचारत होते, वायू कोणता आहे? उत्तर मिळत नव्हते.

भोपाळमुळे १९८७ मध्ये कारखाने कायदा सुधारला. धोक्याच्या प्रक्रियेत काम करणाऱ्याला ते रसायन काय आहे, त्याने काय होते, हे सांगणे मालकाला बंधनकारक झाले. कायदा चांगला होता. पण तो आपल्या पाड्यापर्यंत आला नाही. चाळीस वर्षांनंतरही आपल्या पोराने रुमाल बांधून भुसा टाकला.

ठेकेदार आधी म्हणाला, त्या दिवशी हा हजेरीवर नव्हताच. ईएसआयचे कार्डही काढलेले नव्हते. खरे तर तेव्हा दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यात महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला, ठेक्यावरचा असला तरी, ईएसआय लागू होते. त्याच्या पगारातून फक्त पाऊण टक्का कापायचा होता, बाकी मालकाने भरायचे होते. विमा नसेल तर तेव्हा १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने दावा करता येत होता, दोन वर्षांच्या आत. ठेकेदाराचा माणूस म्हणून मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. हे सगळे मी या वर्षात शिकले. आम्ही दावा मुदतीत दाखल केला. त्यात सगळ्यांत उपयोगी पडली ती जोडीदाराच्या शेजाऱ्याने लिहिलेली चिठ्ठी, कारण त्यामुळे जोडीदाराच्या केस पेपरवर रसायनाचे नाव आणि वेळ चढली होती. एका माणसाच्या चार शब्दांनी दोघांना पुरावा दिला.

मी देवाला पुष्कळदा विचारले, मी प्रार्थना केली ती चुकली का? लूकच्या शुभवर्तमानातला शोमरोनी माणसाचा दाखला मी किती वेळा शिकवला असेन. याजक गेला, लेवी गेला, शोमरोनी थांबला, जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर घालून उतारशाळेत नेले. यानंतर आपण पैशांवर येतो, दोन नाणी दिली म्हणतो. पण नीट वाचा. नाणी त्याने दुसऱ्या दिवशी दिली. म्हणजे तो रात्रभर तिथे होता. त्याला स्वतःचा प्रवास होता, तरी त्याने ती रात्र जखमी माणसाजवळ काढली. इतकी वर्षे शिकवूनही मला हे दिसले नव्हते. मी प्रार्थना केली याचा मला पस्तावा नाही. प्रार्थना करून उठले आणि निघाले, याचा आहे.

म्हणून यंदा आपल्या कामात आम्ही एक नवी गोष्ट सुरू केली आहे. कंपनीत जाणारा मुलगा ज्या घरात आहे, त्या घरातल्या बायकांना, आईला, बायकोला, बहिणीला आम्ही पाच गोष्टी पाठ करून देतो. तुम्हीही ऐका, कारण तुमच्या घरातही त्या लागतील.

एक, गॅस लागला म्हटले की बरे वाटत असले तरी दवाखाना, आणि निदान चोवीस तास नजरेखाली. दोन, आधी मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या उलट दिशेला. भिजलेले कपडे काढा, डोळे आणि अंग साध्या पाण्याने धुवा. तीन, चालवू नका, पळवू नका; बसते ठेवा आणि १०८ ला फोन करा. चार, ड्रमचे किंवा कॅनचे लेबल मोबाईलवर काढून आणा आणि केस पेपरवर रसायनाचे नाव, वेळ आणि 'कामावर गॅस लागला' हे लिहून घ्या. पाच, घरी आल्यावर दोन महिन्यांत पुन्हा खोकला किंवा दम सुरू झाला, तर आधीचा कागद घेऊन लगेच परत जा.

आम्ही काही पाड्यांवर ऑक्सिमीटर ठेवले आहेत. पण मी बायकांना बजावून सांगते, सुरुवातीला आकडा चांगला येऊ शकतो. आकडा चांगला आला म्हणून माणसाला झोपवून निघून जाऊ नका.

आणि आपल्यासाठीही एक सांगते. नाताळ तोंडावर आला आहे. मंदिराची, घराची सफाई निघेल. संडास घासताना ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन सुटतो. बंद खोलीत तेवढाही छातीला पुरतो. आणि ही सफाई तुमच्याकडे येणाऱ्या बाईकडून करून घेत असाल, तर तिलाही हे सांगा, खिडकी उघडा, घाई करू नका. आपल्या घरचा मालक आपणच असतो.

तुमच्याकडे माझी मागणी तीन गोष्टींची आहे. पहिली, रात्रीच्या गाडीसाठी निधी. पाड्यावरून फाट्यापर्यंत जीप आणायला रात्री कोणी तयार होत नाही, भाडे कोण देणार म्हणून. ते भाडे मंडळीने आधीच बाजूला ठेवले, तर कोणाला विचारत बसावे लागणार नाही. दुसरी, तुमच्यापैकी जे कंपन्यांत अधिकारी आहेत, सुपरवायझर आहेत, त्यांनी उद्या कामावर गेल्यावर आपल्या ठेक्यावरच्या माणसाला एवढेच विचारावे, "या ड्रममध्ये काय आहे, तुला माहीत आहे का?" माहीत नसेल तर त्याच्या भाषेत सांगावे. तुम्ही विचाराल, एवढ्याने काय होते? माझ्या पोराला एवढेच कोणी सांगितले असते, तर त्याने भुसा टाकला नसता. तिसरी, आपल्यात डॉक्टर आणि नर्स भगिनी आहेत. तीन महिन्यांतून एक शनिवार पाड्यावर द्या. बायका प्रश्न विचारतात, आणि मला सगळी उत्तरे येत नाहीत.

परवा निघताना मी त्या मुलाला विचारले, मंडळीला काय सांगू? तो थोडा थांबला. बोलायच्या आधी त्याला श्वास गोळा करावा लागतो. मग म्हणाला, "सांग, दावा चालू आहे. आणि सांग, पुढच्या वर्षी पोरगी शाळेत जाईल."

आगमनकाळ हा जागे राहण्याचा काळ आहे. आपण मेणबत्ती लावतो आणि वाट पाहतो. यंदा कोणा एकासाठी खरोखरच एक रात्र जागे राहण्याची वेळ तुमच्यावर आली, तर पिशवी उचलून निघू नका. सोबत राहा.

देव तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.